सर्वांत हुशार कारागिराने काय शिवावे?

कोणत्याही गावच्या बाजारपेठेतील शिंप्याचे दुकान घ्या. पुढे काउंटर, त्यावर टेप, खडू आणि कात्री. मागे दोन-तीन मशीन. मालक माप घेतो व स्वतः कटिंग करतो. हाताखाली एक जुना, हात बसलेला कारागीर आणि एक नवा, अजून शिकत असलेला. अशा दुकानात रोज सकाळी एक प्रश्न उभा असतो, पण बहुतेक ठिकाणी तो प्रश्न म्हणून कोणी विचारीतच नाही. आज कोणते काम कोणाला द्यायचे?

रिवाज असा की, हाती आलेला नग जो मोकळा बसला असेल त्याच्याकडे सरकवायचा. किंवा मानाचे काम उस्तादाला आणि उरलेसुरले शागिर्दाला. किंवा कुरबूर नको म्हणून दोघांना सारखे वाटून द्यायचे. तिन्ही रीती वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत आणि तिन्हींत दुकानाचे रोज थोडे नुकसान होत असते. हे नुकसान वहीत कोठे दिसत नाही, कारण जो माल तयारच झाला नाही त्याची नोंद कोण करणार? तयार कपड्यांच्या दुकानांनी शिंप्याचे गिऱ्हाईक ओढून नेले आहे. शिलाईचा दर वाढवावा तर गिऱ्हाईक तिकडे जाते, नवीन मशीन घ्यावी तर भांडवल नाही. अशा वेळी आहे त्याच माणसांकडून, आहे त्याच तासांत अधिक माल काढणे एवढाच मार्ग मालकाच्या हाती राहतो. तो कसा काढता येतो हे आम्ही येथे आकड्यांनिशी दाखविणार आहोत. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या दुकानाचे घालावेत.

उस्ताद आणि शागीर्द

कटिंग तयार मिळते असे धरू. उस्ताद दिवसभर फक्त शर्ट शिवायला बसला तर ६ शर्ट शिवतो, आणि फक्त पँटी शिवायला बसला तर ६ पँटी. शागीर्द दिवसभरात ४ शर्ट शिवू शकतो, पण पँटीच्या चेनपट्टीत आणि खिशांत त्याचा फार वेळ जातो, म्हणून पँटी त्याच्या हातून दोनच होतात. म्हणजे उस्ताद दोन्ही कामांत सरस आहे. शर्टातही आणि पँटीतही.

आता मालकाने कुरबूर टाळण्यासाठी दोघांनाही अर्धा दिवस शर्ट, अर्धा दिवस पँट असे काम दिले. उस्तादाचे ३ शर्ट व ३ पँटी, शागिर्दाचे २ शर्ट व १ पँट. संध्याकाळी दुकानात ५ शर्ट आणि ४ पँटी तयार.

दुसऱ्या दिवशी मालकाने शागिर्दाला सांगितले की, तू फक्त शर्ट शीव. त्याने ४ शर्ट शिवले. उस्तादाने १ शर्ट शिवून उरलेला दिवस पँटींना दिला, त्याच्या ५ पँटी झाल्या. संध्याकाळी दुकानात ५ शर्ट आणि ५ पँटी. माणसे तीच, तास तेच, कोणी हात अधिक वेगाने चालविला नाही, आणि एक पँट जास्त निघाली. महिन्याचे २६ दिवस धरले तर २६ पँटी. पँटीची शिलाई १५० रुपये धरली तर महिन्याला ३९०० रुपये, जे काल हवेत विरत होते.

पँट आली कोठून? याचे उत्तर असे की, उस्ताद जेव्हा शर्ट शिवतो तेव्हा एका शर्टापायी तो एक पँट सोडत असतो. शागीर्द जेव्हा शर्ट शिवतो तेव्हा एका शर्टापायी तो फक्त अर्धी पँट सोडतो. उलट, शागिर्दाने शिवलेली प्रत्येक पँट दुकानाला दोन शर्टांना पडते, उस्तादाची पँट एका शर्टाला. एक काम करताना जे दुसरे काम हातचे जाते, त्याला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. हा खर्च कोणी रोखीने मागत नाही, म्हणून तो ध्यानात येत नाही. पण मालाच्या खर्चाइतकाच तो खरा आहे. उस्ताद शर्टात चपळ असला तरी त्याचा शर्ट दुकानाला महाग पडतो. शागीर्द हळू असला तरी त्याचा शर्ट स्वस्त पडतो. हुशार कोण, हा एक प्रश्न आणि स्वस्त कोणाचे पडते, हा दुसरा. दुकान चालवणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारला पाहिजे.

पुष्कळ दुकानांत याच्या नेमके उलट चालते, तेही पाहू. शर्टाची कॉलर नजरेत भरते, ती बिघडली तर गिऱ्हाईक चारचौघांत बोलते, म्हणून शर्ट उस्तादाकडे. पँट काय, खालचा कपडा, म्हणून ती शागिर्दाकडे. दिवसाअखेर ६ शर्ट व २ पँटी. तेच ६ शर्ट जर शागिर्दाने ४ आणि उस्तादाने २ असे शिवले असते, तर उस्तादाकडे पँटींसाठी दिवसाचा दोनतृतीयांश भाग उरला असता आणि ४ पँटी झाल्या असत्या. शर्ट तेवढेच, पँटी दुप्पट. मानाच्या हिशेबाने काम वाटले की असे होते.

ही गोष्ट सांगितली कोणी?

लंडनच्या शेअरबाजारात पैसा कमावलेल्या डेव्हिड रिकार्डो नावाच्या माणसाने १८१७ साली अर्थशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने इंग्लंड आणि पोर्तुगाल या दोन देशांचे उदाहरण घेतले. पोर्तुगालला दोन्ही माल कमी माणसांत काढता येत असले तरी, ज्यात त्याची सरशी अधिक आहे तो एक माल त्याने काढावा आणि दुसरा इंग्लंडकडून घ्यावा, त्यात दोघांचा फायदा आहे, असे त्याने आकड्यांनी दाखविले. पुढे हे देशांचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत इतके गाजले की, हा विषय आयात-निर्यातीचाच आहे असा समज झाला. पण त्याच ठिकाणी रिकार्डोने एक तळटीप दिली आहे, आणि आमच्या मते कारागिरांच्या उपयोगाची खरी गोष्ट तीच आहे. दोन माणसे आहेत, दोघेही जोडे आणि टोप्या बनवू शकतात. एक दोन्हींत सरस आहे, पण टोप्यांत तो दुसऱ्यापेक्षा एकपंचमांशाने पुढे आहे आणि जोड्यांत एकतृतीयांशाने. तेव्हा सरस माणसाने जोडेच करावेत, दुसऱ्याने टोप्या, यात दोघांचेही हित नाही काय, असे तो विचारतो. म्हणजे मूळ विचारात मोची आणि टोपीवाला होतेच. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

कामाच्या वाटणीचा विचार मात्र त्याहून फार जुना आहे. इमाम गझाली (निधन ११११) यांनी साधी सुईसुद्धा उपयोगात येण्यापूर्वी किती हातांतून जाते हे दाखविले आहे. इब्ने खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त म्हटले आहे की, एकटा माणूस आपल्या एका दिवसाच्या अन्नाची सोयही स्वतःपुरती करू शकत नाही. दळणे, मळणे, भाजणे यांसाठी लोहार, सुतार, कुंभार लागतात, आणि अनेकजण मिळून राबले की आपल्या संख्येच्या कितीतरी पट लोकांना पुरेल एवढे पिकवितात. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन केले. दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या बनवीत होती.

स्मिथ सांगतो ते असे की, एकच काम सतत केल्याने हात बसतो आणि वेळ वाचतो. आमच्या उदाहरणात तर हात बसण्याची वाटही पाहिलेली नाही. पहिल्याच दिवशी, कोणाचेही कौशल्य तिळभर न वाढता, एक पँट जास्त निघाली. रिकार्डोची भर ती हीच. जो सगळ्यात मागे आहे, त्याचीही दुकानाला गरज असते आणि जो सगळ्यात पुढे आहे त्यानेही सगळे करू नये, हे त्याने हिशेबाने सिद्ध केले.

दुकानाची हद्द

आता दोन्ही कारागिरांना मिळून हे दुकान एका दिवसात काय काय काढू शकते, ते कागदावर मांडू. दोघांनीही फक्त शर्ट शिवले तर १० शर्ट, पँट एकही नाही. आता एक पँट हवी आहे. ती कोणी शिवायची? उस्तादाने. कारण त्याची पँट एका शर्टाला पडते. मग ९ शर्ट १ पँट, पुढे ८ शर्ट २ पँटी, असे करत करत ४ शर्ट ६ पँटी येथे येऊ. आता उस्तादाचा पूर्ण दिवस पँटींत गेला. सातवी पँट हवी असेल तर शागिर्दाला शर्टावरून उठवावे लागेल, आणि ती पँट दोन शर्टांना पडेल: २ शर्ट ७ पँटी. आठवीला पुन्हा तेच, शर्ट शून्य, पँटी ८.

चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर पँटी आणि उभ्या रेषेवर शर्ट घेऊन हे बिंदू जोडले तर रेघ आधी हळू उतरते, आणि ४ शर्ट ६ पँटी या ठिकाणी मोडून एकदम घसरते. पाठ्यपुस्तकात याला उत्पादन शक्यता वक्र म्हणतात. आम्ही त्याला दुकानाची हद्द म्हणू. या रेघेच्या बाहेरचे काम आजच्या माणसांत होणार नाही. ‘ईदच्या आधी दहा शर्ट आणि आठ पँटी रोज देतो’ असा वायदा कोणी केला असेल तर तो वायदा शिलाईच्या आधीच मोडलेला आहे, गिऱ्हाइकाला ते फक्त चाँदरातीला कळते. आणि रेघेच्या आतले काम म्हणजे माणसे बसलेली नसतानाही वाया गेलेला दिवस. सारखे वाटून ५ शर्ट ४ पँटी निघाल्या, तो बिंदू रेघेच्या आत आहे. उलट्या वाटणीचा ६ शर्ट २ पँटी हा तर आणखी आत. दोन्ही दिवशी दोन्ही कारागीर पूर्ण आठ तास मान मोडून काम करीत होते, हे विसरू नये. कारागीर रिकामा नाही म्हणजे दुकान नीट चालले आहे, असा हिशेब पुष्कळ मालक करतात. तो चुकीचा आहे.

रेघेवर नेमके कोठे उभे राहायचे हे गिऱ्हाईक आणि दर ठरवितात. शर्टाची शिलाई १०० रुपये आणि पँटीची १५० असेल तर मोडाचा बिंदू सर्वांत चांगला: ४०० अधिक ९०० म्हणजे १३०० रुपये. नुसते शर्ट शिवले तर १०००, नुसत्या पँटी तर १२००. सारख्या वाटणीत ११००, आणि उलट्या वाटणीत ९००. पँटीचा दर शर्टाच्या दुपटीच्या पुढे गेला तरच शागिर्दालाही पँटींवर बसविणे परवडते. पँटीचा दर शर्टाच्याही खाली आला तर उस्तादालाही शर्टांवर आणावे. या दोन टोकांच्या मध्ये दर कोठेही हलला तरी वाटणी हलवायचे कारण नाही. बाजारात दर जरा इकडेतिकडे झाला की दुकानात रोज फेरफार करणाऱ्या मालकांनी हे मुद्दाम पाहावे. अर्थात शाळेच्या गणवेशाचे काम आले, पन्नास शर्ट आणि पन्नास पँटी बांधून द्यायच्या आहेत, तर दरापेक्षा ती जोडी महत्त्वाची. तेव्हा ५ शर्ट ५ पँटी हाच दुकानाचा बिंदू, आणि पन्नास जोड्यांना दहा दिवस. त्याहून कमी दिवसांचा वायदा करू नये.

जास्तीची पँट कोणाची?

येथपर्यंत मालक खूश होईल. पण कारागीर नगावर मजुरी घेत असेल तर त्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि बहुतेक ठिकाणी चांगली वाटणी येथेच फिसकटते.

मजुरी शर्टाला ४० आणि पँटीला ६० रुपये आहे असे धरू. सारख्या वाटणीत उस्तादाला ३०० मिळत होते, शागिर्दाला १४०. नव्या वाटणीत, म्हणजे ५ शर्ट ५ पँटी निघतात तेव्हा, उस्तादाला ३४० आणि शागिर्दाला १६०. जास्तीच्या पँटीचे गिऱ्हाइकाकडून १५० आले, त्यांतले ४० उस्तादाला, २० शागिर्दाला आणि ९० मालकाला गेले. वाटा सारखा नाही, पण घाटा कोणालाच नाही.

आता हीच मजुरी शर्टाला ३० आणि पँटीला ७० ठेवून पाहा. पूर्वी शागिर्दाला २ शर्ट व १ पँट यांचे १३० मिळत. आता ४ शर्टांचे १२०. दुकानाचा फायदा झाला आणि त्याचे रोज दहा रुपये गेले. मग तो म्हणणारच, ‘मास्टर, मला पण पँटी द्या ना.’ मालकाला वाटते पोरगा हट्टी आहे, उस्तादाची बरोबरी करू पाहतो. वास्तविक त्याचा हिशेब बरोबर आहे. दर चुकला आहे.

नियम सोपा आहे. उस्तादाला एक पँट एका शर्टाला पडते, शागिर्दाला दोन शर्टांना. म्हणून पँटीची मजुरी शर्टाच्या मजुरीच्या एकपट आणि दुप्पट यांच्या मध्ये कोठेतरी असली पाहिजे. तेवढ्या पट्ट्यात दोघेही आपापले काम आपखुशीने धरतात, सांगावे लागत नाही. त्या पट्ट्यात वर सरकले तर फायद्याचा मोठा भाग उस्तादाकडे जातो, खाली सरकले तर शागिर्दाकडे. नेमके कोठे थांबायचे, हा हिशेबाचा नसून इन्साफाचा विषय आहे आणि तो मालकाने दोघांना समोर बसवून ठरवावा. रोजंदारीवर माणसे असतील तर ही कटकट नाही, पण मग जास्तीच्या पँटीचे सगळे दीडशे मालकाच्या गल्ल्यात पडतात. अशा ठिकाणी कारागिरांनी नवी वाटणी मनावर न घेतल्यास नवल नाही.

मालकाचा स्वतःचा तास

शागीर्द आणि उस्तादाची वाटणी करणारा मालक स्वतःची वाटणी करायला मात्र विसरतो. तो कटिंग करतो, इस्त्री करतो, बटणे आणायला जातो, बिल लिहितो, तयार माल पोचवून येतो. ‘पोराला द्यायचे तर तो वेळ लावतो, त्यापेक्षा मीच करतो’, हे वाक्य आम्ही कितीतरी दुकानांत ऐकले आहे.

मालक एका तासात ३ नगांचे कटिंग करतो, किंवा १२ नगांना इस्त्री. हाताखालचा मुलगा तासाला ८ नगांना इस्त्री करतो, आणि कटिंग जेमतेम अर्ध्या नगाचे. बारा नगांच्या इस्त्रीला मालकाचा एक तास, मुलाचा दीड तास. मालक म्हणतो, अर्धा तास वाचला. पण मालकाने इस्त्री केली की ३ नगांचे कटिंग राहिले. मुलाने केली की पाऊण नगाचे, आणि ते तसेही त्याच्याकडून कोणी घेत नव्हते. कटिंग राहिले की मागे दोन्ही मशीन थांबतात, आणि मग उस्तादाची चपळाई कोणाच्या कामाची? ज्या कामावर बाकी सगळ्यांची कामे अडून असतात, त्या कामाच्या माणसाचा तास दुकानात सर्वांत महाग असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात वकिलाचे उदाहरण दिले आहे. गावातला सर्वांत चांगला वकील गावातला सर्वांत चांगला टायपिस्टही असेल, तरी त्याने टायपिंगला माणूस ठेवावा.

(मुलगा म्हणताना आम्ही मोठा मुलगा धरला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून स्वतःच्या घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात हातभार लावण्याची सूट आहे.)

घरात जे काम जाते त्याबद्दलही दोन शब्द. काज-बटण आणि तुरपाई बहुधा घरी बायकांकडे जाते. ती ‘बसल्या बसल्या’ करतात, म्हणून त्याला दर नाही किंवा नावापुरता आहे. पण त्यांचा तास रिकामा असतो हे कोणी ठरविले? ज्या बाईला ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवता येतो, फॉल-पिको येते, तिला बटणे लावायला बसविणे म्हणजे उस्तादाला इस्त्रीला उभे करण्यासारखे आहे. शिवाय आपल्या वस्तीतल्या पुष्कळ बायका माप बाईकडेच देतात. ते गिऱ्हाईक काउंटरवरच्या मास्टरकडे येणारच नाही. घरच्या बाईच्या हातात जे काम दुकानातला कोणीही पुरुष करू शकत नाही, ते सोडून तिच्याकडे तुरपाई देणारे दुकान आपल्याच हद्दीच्या खूप आत काम करते. ही जागा बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही, कारण तिच्या तासाची किंमत शून्य धरलेली असते.

वहीचे काम

हे सगळे अंदाजाने करू नये. पंधरा दिवस एक साधी वही ठेवावी. कोणी कोणता नग किती वेळात शिवला, एवढेच लिहावे. परत आलेला नग, उसवून पुन्हा शिवावा लागलेला नग मोजू नये, उलट त्याला गेलेला वेळ त्याच्याच नावे लिहावा. पुष्कळदा दिसते की, जो चपळ म्हणून प्रसिद्ध आहे त्याचे चारांतले एक काम परत येते. पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या नावापुढे एकच प्रमाण काढावे: एका पँटीच्या वेळात याचे किती शर्ट होतात? ज्याचा आकडा सर्वांत लहान, त्याला पँटी आधी. ज्याचा सर्वांत मोठा, त्याला शर्ट. तीन कारागीर असोत की पाच, आकड्यांची एक ओळ लावली की काम होते. एकूण वेग पाहायची गरजच नाही. बेकरीत मळणे आणि भट्टी, फर्निचरच्या कारखान्यात जोडकाम आणि पॉलिश, गॅरेजमध्ये इंजिन आणि पत्राकाम, सगळीकडे हीच वही चालेल.

काही अडचणी मात्र खऱ्या आहेत. उस्ताद आजारी पडला किंवा शादीसाठी गावी गेला की पँटींचे काम पूर्ण थांबते. म्हणून शागिर्दाला आठवड्यात एखादी पँट शिवू द्यावी. तिचा खर्च दोन शर्ट आहे, तो विम्याचा हप्ता समजावा. दुसरे असे की, शागीर्द जन्मभर शर्टच शिवत राहिला तर तो कधी उस्ताद होणार नाही. आजचे प्रमाण हे आजचे आहे, ते कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. शिकणे आणि कमावणे यांची येथे ओढाताण असते, आणि मालकाला शिकविणे नेहमीच थोडे महाग पडते. जुन्या उस्तादांनी ते मोल दिले म्हणून आजचे मास्टर आज मास्टर आहेत.

म्हणून सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडावी. समजा, शागिर्दाचा हात पँटीत बसला आणि तो आता दिवसाला ४ शर्ट किंवा ४ पँटी शिवू लागला. उस्ताद अजून सहा-सहावरच आहे, म्हणजे दोन्हींत अजून पुढेच. पण दोघांनाही आता एक पँट एका शर्टाला पडते. अर्धा-अर्धा दिवस वाटून दिला तरी ५ शर्ट ५ पँटी, आणि एकेक काम दिले तरी एकूण नग तेवढेच. प्रमाण सारखे झाले की वाटणीतून मिळणारी जास्तीची पँट संपते. मग दोघांत अजून फरक कोठे उरला आहे ते शोधायचे. बहुधा तो शेरवानीत सापडतो. उस्ताद ती दोन दिवसांत उभी करतो, शागिर्दाला अजून आठवडा लागतो. तेव्हा शर्ट आणि पँट दोन्ही शागिर्दाकडे सरकवावे आणि शादीच्या मोसमाआधी दुकानाच्या पाटीवर शेरवानीचे नाव रंगवून घ्यावे.